रुंद सिंथ बेस: हास, युनिसन, कोरस की दोन थर?

मित्राच्या हळदीला मी माझाच एक ट्रॅक लावला होता. हेडफोनमध्ये दोन्ही कानांना भिडणारा बेस मांडवातल्या सिस्टिमवर आला, तेव्हा किक दणदणीत वाजत होती आणि बेसच्या जागी एक सप्तक वर चढलेला पातळ आवाज येत होता. सिस्टिम मोनोत जोडलेली होती, म्हणजे डावं-उजवं एकत्र मिसळून एकच आवाज. बेस रुंद करण्यासाठी मी हास डिले वापरला होता: डावी बाजू जशीच्या तशी, उजवी १० मिलिसेकंद उशिरा.

नंतर घरी हिशेब केला. १० मिलिसेकंद उशिरा आलेला तोच आवाज मूळ आवाजात मिसळला की ५० हर्ट्झला दोन्ही लहरी बरोबर उलट्या पडतात आणि एकमेकींना खातात. १५० ला तेच, २५० ला तेच. माझी बेसलाइन खालच्या जी या सुरावर होती, म्हणजे ४९ हर्ट्झ. मूळ सूर गेला, तिसरा हार्मोनिक (मूळ सुराच्या तिप्पट, १४७ हर्ट्झ) गेला, ९८ चा दुसरा मात्र पूर्ण ताकदीने उरला. सप्तक वर सरकल्यासारखं वाटलं ते त्यामुळे. डिलेची वेळ बदलली तर खड्डे फक्त जागा बदलतात. गिटार किंवा स्टॅबसाठी (छोट्या, तुटक कॉर्डसाठी) हास जरूर वापरा, पण बेसच्या तळाला त्याचा हात लागू देऊ नका.

युनिसनची, म्हणजे एकाच सुराच्या अनेक प्रती एकत्र वाजवण्याची, गोष्ट वेगळी. सिरम किंवा व्हायटल या सॉफ्टवेअर सिंथमध्ये व्हॉइस (प्रती) वाढवा, थोडं डीट्यून करा (सूर किंचित सरकवा), स्प्रेड उघडा (प्रती डाव्या-उजव्या पसरवा). आवाज लगेच जिवंत होतो. अडचण तळाशी येते. ५५ हर्ट्झच्या ए वर दोन सॉ (करवतीच्या दातांसारख्या) लहरी एकमेकींपासून २० सेंट (सेंट म्हणजे सेमीटोनचा शंभरावा भाग) लांब ठेवल्या, तर मूळ सूर दर दीड सेकंदाला एकदा बुडतो आणि पुन्हा वर येतो. १२८ बीपीएमला एक बार १.८७५ सेकंदांचा असतो. म्हणजे जवळजवळ प्रत्येक बारमध्ये कुठेतरी बेसचं वजन जातं, आणि तेही दर वेळी वेगळ्या ठोक्यावर. १९८८ मध्ये डेट्रॉइटच्या केव्हिन सॉन्डरसन यांनी ‘रीस’ या नावाने काढलेल्या रेकॉर्डवरचा बेस याच घुसळणीमुळे गाजला आणि पुढे ड्रम अँड बेसवाल्यांनी तो उचलून धरला. लांब, ताणलेल्या सुरांना ही घुसळण शोभते. तुटक, नाचऱ्या बेसलाइनमध्ये मात्र एक सूर जाड आणि पुढचा बारीक लागतो. सिरममध्ये ऑसिलेटरचा (लहर तयार करणाऱ्या भागाचा) रँड, म्हणजे सुरुवात दर वेळी बदलणारी सेटिंग, शून्यावर आणला की प्रत्येक सूर निदान एकाच फेजपासून, लहरीच्या एकाच टप्प्यापासून, सुरू होतो.

कोरस, म्हणजे सतत थोडी हलणारी उशिराची प्रत मूळ आवाजात मिसळणारा इफेक्ट, सगळ्यांत सौम्य. १९८२ च्या रोलंड जुनो-६० या सिंथमध्ये प्रत्येक व्हॉइसला एकच ऑसिलेटर होता, तरी तो भरदार वाटायचा तो कोरसमुळे. टॅल कोरस एलएक्स हा त्याच वळणाचा प्लगइन फुकट मिळतो. मोनो केल्यावर कोरस आक्रसतो, पण सहसा कोसळत नाही. सिंथवेव्हच्या संथ बेसला मी डोळे मिटून हाच लावेन. छोट्या, टोकदार सुरांची धार मात्र तो बोथट करतो.

माझा कौल दोन थरांना. खाली एकच साइन (हार्मोनिक नसलेली साधी लहर), पूर्ण मोनो, ना युनिसन ना कोरस. वर सॉचा थर, १२० हर्ट्झच्या आसपास हाय-पास (खालचा आवाज कापणारा फिल्टर) लावून, आणि सगळी रुंदी तिथेच. यात गमावण्यासारखं फार काही नाही. ५० हर्ट्झची लहर जवळपास ७ मीटर लांब असते, आपल्या बहुतेक खोल्यांपेक्षाही लांब. इतक्या खालचा आवाज डावीकडून आला की उजवीकडून, हे कानाला धड कळतही नाही. व्हायनल कापणारेही बेस मोनो ठेवतात, कारण तळाशी डावं-उजवं उलट गेलं तर खाच वर-खाली होते आणि सुई उडू शकते. थोडे कष्ट थर जोडताना पडतात: जोडावर फेज पाहायचा, दोन्ही एका बसवर (सामायिक ट्रॅकवर) घेऊन हलकं सॅच्युरेशन (सौम्य विकृती) द्यायचं.

‘युनिसनच्याच पॅचवर एबलटन या सॉफ्टवेअरमधल्या युटिलिटी इफेक्टचं बेस मोनो बटण (जे तळ मोनो करतं) दाबलं तर चालणार नाही का?’ असं मला बरेच जण विचारतात. रुंदी जाईल, बुडणं राहील. त्या दोन डीट्यून लहरी आता मध्यभागी एकत्र येऊन एकमेकींना खातील. म्हणून वेगळी साइन.

ट्रॅक मांडवात किंवा क्लबमध्ये वाजणार असेल तर दोन थरच करा, वर हवं तर रीससारखं युनिसन ठेवा नाहीतर कोरस. फक्त हेडफोनवर ऐकायचं अँबियंट असेल तर अख्खा पॅच युनिसनवर मोकळा सोडला तरी चालेल. मास्टरवर युटिलिटी टाकून विड्थ (रुंदी) शून्यावर, म्हणजे मोनोवर, नेत-आणत राहा. व्हॉक्सेंगो स्पॅन हा प्लगइन फुकट आहे, त्यात डावं-उजवं किती जुळतं ते दाखवणारा कोरिलेशन मीटर आहे. काटा शून्याखाली रेंगाळू लागला की स्प्रेड कमी करा.

हळदीचा तो ट्रॅक मी पुन्हा बांधला: खाली साइन, वर चार व्हॉइसचा सॉ, हाय-पास १३० ला, स्प्रेड ७० टक्के. आता मोनोचं बटण दाबलं की कडा आत येतात आणि ४९ हर्ट्झचा जी जागचा हलत नाही.