कोणाचा विरोध किती वजनाचा? भाषण, मत आणि वरातीमागचं विधेयक

माझी मावसबहीण गेल्या वर्षी अमेरिकेची नागरिक झाली. ती राहते पेनसिल्व्हेनियातल्या बक्स काउंटीत, मी नॉर्थ कॅरोलायनातल्या कॅरीत. नोव्हेंबर २०२६ मध्ये ती आयुष्यातलं पहिलं अमेरिकन मत देणार. परवा फोनवर म्हणाली, "दादा, जो तो म्हणतोय आम्ही मेडिकेडच्या कपातीला विरोध केला. सगळ्यांनीच विरोध केला तर कायदा झाला कसा?"

प्रश्न बिनतोड आहे. (मेडिकेड म्हणजे कमी उत्पन्नाच्या लोकांसाठीचा सरकारी आरोग्य विमा.) खालची तुलना तिच्यासाठी, आणि तिच्यासारखं ज्यांना ठरवायचंय त्यांच्यासाठी. पक्ष कोणता निवडावा ते मी सांगणार नाही. त्या कामाला तिचा नवरा, सासरे आणि तीन व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप आहेत.

आधी आपली एक सवय मोडायला हवी. महाराष्ट्रातला आमदार विरोध करतो म्हणजे काय करतो? विधानभवनाच्या पायऱ्यांवर फलक घेऊन बसतो, सभागृहात अध्यक्षांच्या आसनासमोर उतरतो, फार तर सभात्याग करतो. १९८५च्या पक्षांतरबंदी कायद्यामुळे पक्षादेश मोडून मत दिलं तर आमदारकीच जाऊ शकते. त्यामुळे आपण लहानपणापासून विरोध मोजतो तो आवाजावरून. अमेरिकेत पक्षाविरुद्ध मत दिलं म्हणून जागा जात नाही. पुढच्या वेळी तिकीट जाऊ शकतं, ती गोष्ट वेगळी. म्हणून इथे भाषण आधी ऐकायचं नाही, आधी मतांची यादी उघडायची.

आता ज्यावरून हे सगळं चाललंय तो कायदा. ट्रम्प यांचं कर आणि खर्चाचं मोठं विधेयक १ जुलै २०२५ रोजी सिनेटमध्ये ५०-५० वर अडकलं आणि उपराष्ट्राध्यक्ष व्हान्स यांच्या मतानं ५१-५० असं निघालं. ३ जुलैला प्रतिनिधिगृहात २१८-२१४, ४ जुलैला सही. मेडिकेडवरचा केंद्राचा खर्च या कायद्यानं दहा वर्षांत ९०० अब्ज डॉलरहून जास्त कमी होईल आणि २०३४पर्यंत विमा नसलेल्यांत सुमारे १ कोटी लोकांची भर पडेल, हा काँग्रेसच्याच, म्हणजे अमेरिकी संसदेच्याच, अंदाजपत्रक कार्यालयाचा हिशेब. समर्थकांना 'कपात' हा शब्दच मान्य नाही. गैरप्रकार थांबवले आणि धडधाकट माणसाला महिन्याला ८० तास कामाची अट घातली, एवढंच झालं असं ते म्हणतात.

"आपल्याला काय त्याचं, आपला विमा नोकरीतून" असं म्हणणाऱ्या मराठी मंडळींसाठी कंसातली एक गोष्ट कंसाबाहेर सांगतो. आईबाबांना ग्रीन कार्डावर आणलं असेल तर पहिली पाच वर्षं साधारणपणे मेडिकेड मिळत नाही. दारिद्र्यरेषेखालचं उत्पन्न असलेल्या अशा कायदेशीर स्थलांतरितांना आजवर ओबामाकेअरच्या, म्हणजे ओबामांच्या काळातल्या आरोग्यविमा कायद्याच्या, बाजारातून विमा घेताना सवलत मिळायची. या कायद्यानं ती जानेवारी २०२६पासून गेली.

सिनेटकडे वळू. तिथे रिपब्लिकन ५३. तिघे फुटले, तरी उपराष्ट्राध्यक्षांच्या मतावर निभावलं. चौथा फुटला असता तर विधेयक पडलं असतं. हा एकाचा हिशेब डोक्यात ठेवून पुढची माणसं बघा.

मिसूरीचे जॉश हॉली यांनी मे २०२५ मध्ये न्यूयॉर्क टाइम्समध्ये लेख लिहिला: मेडिकेड कापणं नैतिकदृष्ट्या चूक आणि राजकीयदृष्ट्या आत्मघात. रिपब्लिकन सिनेटरनं इतकं स्वच्छ लिहिलेलं मी तरी वाचलं नव्हतं. मिसूरीच्या मतदारांनी २०२०मध्ये थेट सार्वमतानं मेडिकेडचा विस्तार (थोडं जास्त उत्पन्न असलेल्यांनाही त्यात घेणं) करून घेतला होता, त्यामुळे लेखाला आधारही होता. मग १ जुलै उजाडला आणि हॉलींनी विधेयकाच्या बाजूनं मत दिलं. ग्रामीण रुग्णालयांसाठी ५० अब्ज डॉलरचा निधी घातला गेला, हे त्यांचं समाधान. आणि १५ जुलैला त्यांनी नवं विधेयक मांडलं, कशासाठी? ज्या कपातीला दोन आठवड्यांपूर्वी हात वर केला त्यातला काही भाग रद्द करण्यासाठी. याला आपल्याकडे वरातीमागून घोडं म्हणतात.

नॉर्थ कॅरोलायनाचे टॉम टिलिस, म्हणजे आमचे सिनेटर, उलट दिशेनं आले. शनिवारी, २८ जूनला, विधेयक चर्चेला घेण्याच्या प्रस्तावावरच त्यांनी विरोधी मत टाकलं. ट्रम्प यांनी त्यांच्याविरुद्ध पक्षांतर्गत उमेदवार उभा करण्याची धमकी दिली. रविवारी टिलिस यांनी आपण पुन्हा उभं राहणार नसल्याचं जाहीर केलं आणि त्याच रात्री सभागृहात विचारलं की, राष्ट्राध्यक्षांचं वचन मोडून ६,६३,००० लोक मेडिकेडबाहेर गेले तर मी त्यांना काय सांगू? निवडणूकच लढवायची नसल्यावर धाडस स्वस्त असतं, असं काहीजण म्हणतात. पण क्रम बघा: मत शनिवारचं, निवृत्ती रविवारची. किंमत दिसत असताना मत टाकलं गेलं होतं.

हा ६,६३,०००चा आकडा कुठून येतो ते समजलं तर टिलिस नेमकं कशाला घाबरत होते तेही समजतं. विस्तारित मेडिकेडचा ९० टक्के खर्च केंद्र देतं. आमच्या राज्यात उरलेले १० टक्के रुग्णालयांवरच्या करातून उभे राहतात. नवा कायदा असल्या करांची मर्यादा रुग्णालयांच्या उत्पन्नाच्या ६ टक्क्यांवरून २०२८पासून उतरवत २०३२पर्यंत ३.५ टक्क्यांवर आणतो. म्हणजे कार्ड कोणी हातातून हिसकावत नाही, कार्डामागचा पैसा आटतो. शेजाऱ्यांच्या आजीला सांभाळायला येणाऱ्या बाईंना असं कार्ड मिळालं तेव्हा त्यांनी मला पर्समधून काढून दाखवलं होतं, प्लॅस्टिकच्या पाकिटात घालून ठेवलेलं, रेशनकार्ड जपावं तसं. बीपीची गोळी त्या तोवर एक दिवसाआड घेत होत्या, पुरवून पुरवून.

पण टिलिसना हार घालायची घाई नको. हेच गृहस्थ २०१३ साली राज्याच्या विधानसभेचे अध्यक्ष होते, आणि मेडिकेडचा विस्तार नाकारणारा कायदा त्यांच्याच काळात झाला. तो विस्तार अखेर डिसेंबर २०२३ मध्ये आला. दहा वर्षं ज्यांच्या रांगेपुढे दार बंद ठेवलं, त्यांच्याच वतीनं २०२५मध्ये भाषण. माणूस बदलला म्हणा किंवा आकडे बदलले म्हणा. मी दुसरं म्हणेन, आणि त्यात मला वावगं वाटत नाही.

अलास्काच्या लिसा मर्कोवस्की यांनी आपल्या राज्यापुरत्या सवलती पदरात पाडून घेतल्या, होकार दिला आणि बाहेर येऊन पत्रकारांना सांगितलं की विधेयक आपल्याला आवडलेलं नाही, प्रतिनिधिगृहानं ते सुधारावं. प्रतिनिधिगृहानं स्वल्पविरामही बदलला नाही. अलास्कात राहत असाल तर हा व्यवहार तुम्हाला पटेलही, इतरांनी का पटवून घ्यावा ते मला कळत नाही. केंटकीच्या रँड पॉल यांचं मत विरोधी, पण कारण कर्जमर्यादा पाच लाख कोटी डॉलरनं वाढवण्याचं. त्यांचं नाव मेडिकेडच्या रक्षणकर्त्यांच्या यादीत दिसलं तर यादी करणाऱ्यानं फक्त मतं मोजली, कारणं वाचली नाहीत. मेनच्या सुझन कॉलिन्स यांनी चर्चेला हो आणि विधेयकाला नाही म्हटलं.

ही सगळी तुलना ज्या मापानं होते ते माप २८ जुलै २०१७चं आहे. ओबामाकेअर मोडण्याचं विधेयक, मध्यरात्र उलटून दीड वाजलेला, बरोबरी फोडायला उपराष्ट्राध्यक्ष पेन्स हजर. मेंदूच्या कर्करोगाचं निदान होऊन काही दिवसच झालेले अ‍ॅरिझोनाचे रिपब्लिकन सिनेटर जॉन मॅकेन कारकुनांच्या मेजापुढे आले, उजवा हात पुढे धरला आणि अंगठा खाली केला. सभागृहात श्वास अडकल्याचा आवाज झाला. पक्षनेते मॅकॉनेल हाताची घडी घालून जवळच उभे होते. ४९-५१. विधेयक पडलं.

तो अंगठा मीही दहा वेळा पाहिलाय. तरी तीन दिवस आधी विधेयक चर्चेला घेण्यासाठी मॅकेन यांनीच होकार दिला होता, आणि त्याच डिसेंबरात विमा न घेणाऱ्यांचा दंड शून्य करणाऱ्या करविधेयकाच्या सिनेटमधल्या मसुद्यालाही. कॉलिन्स आणि मर्कोवस्की जुलैत पहिल्यापासून विरोधात होत्या, त्यांच्या अंगठ्याचं चित्र कोणाकडे नाही. (हो, त्याच मर्कोवस्की. आठ वर्षांत माणूस कुठे पोचतो बघा.)

भ्रष्टाचाराच्या बाबतीत मात्र मॅकेन यांची गोष्ट जास्त बोलकी आहे, कारण ती स्वतःच्या डागापासून सुरू होते. चार्ल्स कीटिंग नावाच्या वित्तसंस्थाचालकाकडून देणग्या घेणारे पाच सिनेटर १९८७मध्ये त्याच्यासाठी नियामकांना भेटले, त्यांत मॅकेन एक. १९८९मध्ये संस्था बुडाली. १९९१मध्ये सिनेटच्या नीतिसमितीनं त्यांच्यावर 'तारतम्य सुटलं' असा ठपका ठेवला. पुढे याच माणसानं डेमोक्रॅट फाइनगोल्ड यांच्याबरोबर वर्षानुवर्षं लावून धरून २००२मध्ये पक्षांना मिळणाऱ्या बेबंद देणग्यांना आळा घालणारा कायदा करून घेतला. २०१०मध्ये सर्वोच्च न्यायालयानं त्यातला महत्त्वाचा भाग उडवला आणि कंपन्यांच्या पैशाला निवडणुकीत वाट मोकळी झाली. कायदा पंगू झाला, पण चूक कबूल करून तिच्याविरुद्धच कायदा लिहिणारा राजकारणी मला विरळा वाटतो.

इथे हॉलींनाही न्याय द्यायला हवा. खासदारांनी पदावर असताना शेअरबाजारात खेळू नये, हा त्यांचा आग्रह जुना. २०१२चा कायदा फक्त ४५ दिवसांत व्यवहार जाहीर करा म्हणतो, आणि उशीर झाला तर दंड २०० डॉलर. आमच्याकडे शाळेच्या बससमोर गाडी न थांबवल्याचा भुर्दंड याहून जड पडतो. ३० जुलै २०२५ रोजी हॉलींचं बंदीचं विधेयक समितीत ८-७ नं पुढे सरकलं, आणि त्या आठांत रिपब्लिकन एकटे हॉली. ट्रम्प यांनी त्यांना दुय्यम दर्जाचे सिनेटर म्हटलं. म्हणजे आरोग्याच्या मतात जो माणूस वाकला, तोच महिनाभरात दुसऱ्या प्रश्नावर ताठ उभा राहिला. एका प्रश्नावरचं प्रमाणपत्र दुसऱ्यावर चालत नाही.

आता मावसबहिणीचा स्वतःचा खासदार. ब्रायन फिट्झपॅट्रिक, रिपब्लिकन, पूर्वी एफबीआयमध्ये राजकीय भ्रष्टाचाराच्या तपासाचं काम केलेले. मे २०२५ मध्ये प्रतिनिधिगृहात विधेयक २१५-२१४ नं निघालं तेव्हा ते बाजूनं होते. सिनेटनं मेडिकेडच्या तरतुदी आणखी कडक केल्यावर ३ जुलैला विरोधात. रिपब्लिकनांतले असे फक्त दोघे. मेमध्ये त्यांचं एक मत फिरलं असतं तर विधेयक तिथेच थांबलं असतं. जुलैत फिरलं आणि काही थांबलं नाही. माझ्या लेखी जुलैचं मत खरं, पण मेचं महाग. डिसेंबरात मात्र ओबामाकेअरच्या विमा-सवलतींची मुदत वाढवण्यासाठी त्यांनी इतर तीन रिपब्लिकनांबरोबर स्वपक्षाच्या सभापतींना डावलून मतदान घडवणाऱ्या अर्जावर सही केली, आणि २१८ सह्यांचा आकडा गाठला गेला. ही सही मी भाषणापेक्षा कितीतरी वर धरतो, कारण तिनं काहीतरी हललं.

आणि बेळगावात वाढलेले, मराठी बोलणारे डेट्रॉइटचे डेमोक्रॅट श्री ठाणेदार? मराठी ग्रुपांवर त्यांचं नाव अभिमानानं फिरतं, म्हणून त्यांनाही त्याच तराजूत घालतो. विधेयकाला त्यांचा विरोध, पण तो सगळ्याच्या सगळ्या २१२ डेमोक्रॅटांचा होता. त्याची किंमत शून्य आणि त्यात लपवण्यासारखंही काही नाही. एप्रिल २०२५ मध्ये त्यांनी ट्रम्प यांच्यावर महाभियोगाची सात कलमं मांडली, लाचखोरी आणि भ्रष्टाचार त्यांत होते. मेमध्ये त्यावर तातडीनं मतदान घ्यायची नोटीस दिली आणि स्वपक्षीयांच्या नाराजीनंतर दुसऱ्याच दिवशी, कलमांत भर घालायची आहे असं सांगून, मतदानाचा आग्रह सोडला. पक्षाबरोबरचं मत सोपं असतं. पक्षाविरुद्धचं पाऊल मागे घेतलं गेलं, हीही नोंद ठेवा.

मावसबहिणीला मी तीनच प्रश्न दिलेत. बोलले कधी, मतदानाआधी की नंतर? त्यांचं मत फिरलं असतं तर निकाल फिरला असता का? आणि कोणाला दुखवलं? घरात आईबाबांचा किंवा मेडिकेडवरच्या कोणाचा प्रश्न असेल तर दुसरा प्रश्न सगळ्यात जड धरा. पैसा आणि राजकारण यांचं साटंलोटं खुपत असेल तर पहिला बाजूला ठेवा आणि विधेयक समितीतून बाहेर आणण्यासाठी कोण झटलं ते बघा.

तिनं काल रात्री ३ जुलैच्या मतदानाची यादी फोनवर उघडली आणि फिट्झपॅट्रिक यांच्या नावाचा स्क्रीनशॉट मला पाठवला. खाली लिहिलं होतं, "हे कळलं. आता मेची यादी कुठे मिळेल?"