वर्गाच्या परीक्षेत मध्यस्थी तपासायची तर कुणाच्या धर्तीवर? ग्रीस-जर्मनी, फ्रान्स की स्पेन

स्वतःच्या वर्गाची परीक्षा स्वतःच काढणाऱ्या भाषाशिक्षकांसाठी हा आढावा आहे. पुण्या-मुंबईतले जर्मन-फ्रेंचचे खासगी वर्ग, महाविद्यालयातले सर्टिफिकेट कोर्स, परप्रांतांतून आलेल्यांना मराठी शिकवणारे, अमेरिकेतल्या मराठी शाळा, सगळेच यात आले. वाचन, श्रवण, लेखन, संभाषण हे चार भाग तुमच्या परीक्षेत आहेतच. पाचवा भाग मध्यस्थीचा घालावा का, आणि घातला तर त्याचा नमुना कुठून उचलावा, एवढाच प्रश्न आहे. घालावा, असं माझं मत आहे. नमुन्याचं मात्र वर्ग पाहून ठरवायला हवं.

मध्यस्थी म्हणजे एकाचं म्हणणं किंवा एखादा मजकूर, ज्याला तो थेट कळणार नाही त्याच्यापर्यंत पोचवणं. युरोप परिषदेने २००१ मध्ये भाषाशिक्षणाची जी चौकट आणली (सुरुवातीच्या ए१ पासून सर्वांत वरच्या सी२ पर्यंतच्या पातळ्या तिच्याच), तिच्यात आकलन, निर्मिती, परस्परसंवाद आणि मध्यस्थी असे भाषाव्यवहाराचे चार प्रकार होते. पहिल्या तिघांना पातळीवार वर्णनं मिळाली. मध्यस्थीची पाटी कोरीच राहिली. ती भरली २०१८ च्या पूरक खंडाने; त्याची पक्की आवृत्ती २०२० मध्ये आली. या खंडाने मध्यस्थीचा अर्थही ऐसपैस केला. मूळ मजकूर एका भाषेत आणि उत्तर दुसऱ्या भाषेत असायलाच हवं, असं आता राहिलं नाही. जर्मनमधला किचकट लेख सोप्या जर्मनमध्ये समजावून सांगणं हीसुद्धा मध्यस्थीच. परीक्षांच्या वाटा वेगळ्या होतात त्या इथेच.

एका भाषेतून दुसरीत: ग्रीस आणि जर्मनी

ग्रीस चौकटीच्या वर्णनांसाठी थांबला नाही. केपीजी ही तिथली सरकारी भाषा-प्रमाणपत्र परीक्षा २००३ पासून मध्यस्थी तपासते आहे. अथेन्स विद्यापीठाच्या बेसी देंद्रीनू यांचा तिच्या घडणीत मोठा वाटा. परीक्षार्थीला ग्रीक मजकूर मिळतो आणि त्यातली कामाची माहिती घेऊन तो इंग्रजीत, फ्रेंचमध्ये किंवा जर्मनमध्ये पत्र, टिपण, सूचना असं काही लिहितो. तोंडी परीक्षेतही ग्रीक मजकूर वाचून परक्या भाषेत सांगायचं असतं. परीक्षा ग्रीसपुरती असल्याने सगळ्यांना ग्रीक येतं, हे तिला गृहीत धरता येतं. साऱ्या जगाला एकच प्रश्नपत्रिका देणाऱ्या परीक्षांना ते परवडत नाही. पुण्यात बसून तुम्ही जर्मनची गोएथे किंवा फ्रेंचची डीएएलएफ परीक्षा दिलीत, तरी तुमच्या मराठीचा तिथे काडीचाही उपयोग होत नाही, याचं कारण एवढंच.

जर्मनीत हाच प्रकार शाळा संपतानाच्या, आपल्या बारावीसारख्या परीक्षेत आहे. तिथल्या राज्यांच्या शिक्षणमंत्र्यांच्या परिषदेने २०१२ मध्ये इंग्रजी-फ्रेंचसाठी जी मानकं ठरवली, त्यांत मध्यस्थी हे स्वतंत्र कौशल्य धरलं आहे. त्यांच्या प्रश्नांतली एक गोष्ट आपण डोळे झाकून घ्यावी: प्रश्नात नेहमी एक माणूस असतो. तुमच्या परदेशी मित्राला अमुक प्रकल्पासाठी तमुक माहिती हवी आहे, हा जर्मन लेख वाचून त्याला ईमेल लिहा. कोण विचारतंय आणि कशासाठी, हे कळलं की लेखातला अर्धा भाग आपोआप निरुपयोगी ठरतो. तो गाळता येतो का, हेच तपासायचं असतं.

आपल्याकडे हे अगदीच नवं नाही. दहावीच्या मराठीत सारांशलेखन आहे, इंग्रजीत इन्फर्मेशन ट्रान्स्फर आहे, भाषांतराचा प्रश्नही आहे. फक्त यांपैकी कुठल्याच प्रश्नात समोर माणूस नसतो. सारांश कुणासाठी करायचा? तपासनिसासाठी. त्यामुळे काय ठेवायचं हे मुलं मजकुराकडे बघून ठरवतात, वाचणाऱ्याकडे बघून नाही.

एक नमुना करून पाहू. बी१ पातळीचा जर्मनचा वर्ग. सोसायटीची ही नोटीस मराठीतच द्यायची:

"सर्व सभासदांस कळविण्यात येते की, महापालिकेच्या दुरुस्तीच्या कामामुळे गुरुवारी दिवसभर पाणीपुरवठा बंद राहील. टाकीतील पाणी सकाळी ६ ते ८ या वेळेतच सोडण्यात येईल. शुक्रवारी सकाळी उशिरा व कमी दाबाने पाणी येईल. देखभाल शुल्काची थकबाकी महिनाअखेरपर्यंत भरावी. वार्षिक सर्वसाधारण सभेची विषयपत्रिका नोटीस बोर्डावर लावली आहे. पार्किंगमध्ये गाडी धुताना आढळल्यास दंड आकारण्यात येईल."

प्रश्न: तुमच्या मजल्यावर लायपझिगहून आलेली एक विद्यार्थिनी दोन महिन्यांसाठी भाड्याने राहते. तिच्याकडे गाडी नाही. तिला जर्मनमध्ये साठ-सत्तर शब्दांचा निरोप लिहा.

व्याकरणात पक्का विद्यार्थी नोटीस पहिल्या ओळीपासून उलथवायला घेतो. 'थकबाकी'ला शब्द शोधण्यात त्याची पाच मिनिटं जातात आणि सभेच्या विषयपत्रिकेपर्यंत शब्दमर्यादा संपते. दुसरा विद्यार्थी चार साधी वाक्यं लिहितो: गुरुवारी पाणी नाही, सकाळी सहा ते आठ येईल तेवढ्यात बादल्या भरून ठेव, शुक्रवारीही उशिरा आणि थोडंच येईल, काही लागलं तर माझं दार वाजव. बादल्यांचा उल्लेख नोटिशीत नाही, कारण सभासदांना तो सांगावा लागत नाही. लायपझिगच्या मुलीला सांगावा लागतो. दुसऱ्याच्या विभक्तिप्रत्ययांत दोन चुका असल्या, तरी या प्रश्नात तो पहिल्याच्या पुढे आहे. तुमच्या गुणदान तक्त्यात तो पुढे जात नसेल, तर तक्ता बदला.

मी २० गुणांची वाटणी अशी करेन: योग्य माहिती निवडणं आणि गाळणं याला ८, समोरच्या माणसाला धरून लिहिण्याला ४, भाषेला ८. तपासण्याआधी तीन याद्या करून ठेवायच्या: काय यायलाच हवं, काय आलं तर चालेल, काय येता कामा नये. तिसरी यादी बहुतेक शिक्षक करत नाहीत, आणि ती नसेल तर सगळं ओतणाऱ्याला पूर्ण गुण मिळतात. दोन तपासनीस असतील तर या याद्यांमुळे त्यांच्यातला फरकही बराच कमी होतो.

या पद्धतीचा मोठा फायदा असा, की मूळ मजकूर विद्यार्थ्याच्या हातातल्या भाषेत असतो. त्यामुळे उत्तर चुकलं, तर ते न समजल्यामुळे की न सांगता आल्यामुळे, हा गोंधळ राहत नाही. शिवाय नक्कल करायला जागाच नसते.

पण 'हातातली भाषा' हे गृहीतक आपल्या वर्गात दर वेळी टिकत नाही. मराठी घरातली, इंग्रजी माध्यमातली मुलं मराठी झकास बोलतात. 'आकारण्यात येईल' वाचताना अडखळतात. केरळमधून आलेली नर्स जर्मनच्या वर्गात असेल, तर तिची तुम्ही मराठीची परीक्षा घेताय. पहिल्या अडचणीवर उपाय सोपा आहे: नोटीस वाचायला देण्याऐवजी बोली मराठीत रेकॉर्ड करून दोनदा ऐकवा. दुसरीवर उपाय म्हणजे इंग्रजी किंवा हिंदी मूळ मजकूर. तोही सगळ्यांना सारखाच येत असेल, तरच. नाहीतर ही पद्धत सोडून द्या.

त्याच भाषेत: डीएएलएफ, डीईएलई

मिश्र वर्गाला मग फ्रेंच वाट बरी. डीएएलएफ सी१ च्या लेखी परीक्षेत मध्यस्थी हे नाव कुठे ठळक नसलं, तरी 'सँथेझ' हा प्रश्न त्याच घरातला. एकूण सुमारे हजार शब्दांचे काही मजकूर देतात आणि त्यांवरून साधारण २२० शब्दांचा एकच सलग लेख मागतात. नियम कडक: क्रम तुमचा स्वतःचा हवा, दोन सारांश एकामागे एक चिकटवायचे नाहीत, मूळ मजकुरातली अख्खी वाक्यं उचलायची नाहीत, आणि स्वतःचं मत घालायचं नाही. मत मांडायला नंतर वेगळा निबंध असतो. आपल्या विद्यार्थ्यांना सगळ्यात जड जातो तो शेवटचा नियम. निबंध म्हटला की शेवटी 'म्हणून आपण सर्वांनी' यायलाच हवं, असं शाळेने हाडात भिनवलेलं असतं.

स्पॅनिश डीईएलई आणखी एक पाऊल टाकते. सी१ ला व्याख्यान ऐकून, टिपणं काढून त्यावर लेखन करायचं असतं. सी२ ला तर वाचन, श्रवण आणि लेखन एकत्र गुंफलेला स्वतंत्र भाग आहे आणि वाचन-संभाषणाचा दुसरा. केंब्रिजच्या इंग्रजीच्या सी२ परीक्षेलाही दोन उतारे जोडून त्यांचं मूल्यमापन करणारा निबंध सक्तीचा आहे.

हे सगळं वरच्या पातळ्यांवर शोभतं. बी१ ला त्याच भाषेतला मजकूर दिला की विद्यार्थी वाक्यं जशीच्या तशी उतरवतात, आणि त्यांना दोष देण्यात अर्थ नाही. तेच दुसऱ्या शब्दांत सांगण्याइतकी भाषा अजून त्यांच्याकडे नसते. खालच्या पातळीवर हा मार्ग घ्यायचाच असेल, तर मूळ मजकुरात वाक्यंच ठेवू नका. बसचं वेळापत्रक, नकाशा, आलेख, औषधाच्या पाकिटावरची माहिती द्या. उचलायला वाक्य नसलं, की बनवावं लागतं. आयईएलटीएस अकॅडेमिकच्या पहिल्या लेखनप्रश्नात आलेख देतात, तो प्रकार थोडाफार असाच. तिथेही समोर कुणी माणूस नसतो. तो तुम्ही घाला.

दुसरी उणीव तशीच राहते. मूळ मजकूर नीट कळला नाही, तर मध्यस्थी बुडणारच, आणि त्याच विद्यार्थ्याचे वाचनातही गुण आधीच गेलेले असतात. एकाच अपराधाची दोनदा शिक्षा. मूळ मजकूर वर्गाच्या पातळीपेक्षा एक पायरी खालचा निवडला, तर ही शिक्षा सौम्य होते.

वेगळा भाग: स्पेन

स्पेनमधल्या सरकारी भाषाशाळांनी मध्यस्थीला सर्वांत मोठा मान दिला. २०१७ च्या राजादेशाने ती अभ्यासक्रमात आली आणि २०१९ च्या राजादेशाने प्रमाणपत्र परीक्षेचा पाचवा स्वतंत्र भाग झाली. बी१ पासून वर प्रत्येक भागात किमान ५० टक्के आणि एकूण ६५ टक्के मिळवावे लागतात. म्हणजे इतर चार भागांत उत्तम असलेला विद्यार्थी केवळ मध्यस्थीमुळे अडू शकतो.

शिकवण्याच्या बाजूने याचा परिणाम चांगला: जे परीक्षेत येतं तेच वर्गात शिकवलं जातं, हे आपल्याला कुणी सांगायला नको. पण पंचवीस जणांच्या वर्गाने ही नक्कल करू नये. स्वतंत्र उत्तीर्णतेची अट लावायची, तर प्रश्न आधी तपासून पाहिलेले हवेत, तपासनीस प्रशिक्षित हवेत, वर्षागणिक काठिण्य सारखं राहायला हवं. सरकारी यंत्रणेला ते जमतं. आपण एका प्रश्नावर कुणाला नापास केलं आणि तो प्रश्नच धड नसला, तर पालकांना आणि स्वतःला काय सांगणार? मध्यस्थीला एकूण गुणांतला सहावा-सातवा हिस्सा द्या, वेगळी अट लावू नका.

तर मग कुणी काय घ्यावं

वर्गातले सगळे मराठी जाणणारे आणि पातळी बी२ पर्यंतची असेल, तर ग्रीस-जर्मनीचा नमुना, शक्यतो ऐकवलेल्या मराठी मजकुरासह. वर्ग मिश्र असेल, तर त्याच भाषेतला. खाली वेळापत्रकं आणि आलेख, वर सँथेझ. वर्ग डीएएलएफसाठीच भरत असेल, तर फार विचार करू नका, सँथेझच करून घ्या. विद्यार्थी त्यासाठीच पैसे भरतात.

मराठी शिकवणाऱ्यांनी दिशेकडे लक्ष द्यावं. बृहन्महाराष्ट्र मंडळाशी जोडलेल्या अमेरिकेतल्या मराठी शाळांत सगळ्यांना इंग्रजी येतंच, त्यामुळे दोन भाषांची पद्धत तिथे चपखल बसते. मात्र आजीचा मराठी निरोप ऐकून इंग्रजीत सांगणं हे केवळ मराठीचं आकलन झालं. मराठी घडते का पाहायचं, तर उलट करायला हवं: शाळेने पाठवलेली सहलीची इंग्रजी सूचना द्या आणि ती आजीला फोनवर सांगायला लावा. आजीला 'परमिशन स्लिप' म्हणजे काय ते समजावून सांगावं लागेल, आणि किती वाजता न्यायला यायचं ते आधी सांगावं लागेल. मुंबईत अमराठी कर्मचाऱ्यांना मराठी शिकवणाऱ्यांनाही हाच नियम: मूळ हिंदीत किंवा इंग्रजीत, उत्तर मराठीत.

राहिली तोंडी मध्यस्थी, म्हणजे दोन माणसांच्या मध्ये बसून दोघांचं एकमेकांना सांगणं. पूरक खंडात याची सविस्तर वर्णनं आहेत, आणि प्रत्यक्षात आपले विद्यार्थी हेच सर्वांत जास्त करतील: दवाखान्यात, घरमालकाकडे, कंपनीच्या बैठकीत. एका परीक्षकाने फक्त मराठी बोलणारा घरमालक व्हायचं, दुसऱ्याने फक्त जर्मन बोलणारा भाडेकरू, आणि अनामत रकमेवरून दोघांचं जरा वाजू द्यायचं. विद्यार्थी घरमालकाचा चढलेला आवाज तसाच पोचवतो की थोडा उतरवून, हे ऐकण्यासारखं असतं. पण त्याला दोन परीक्षक लागतात आणि प्रत्येकी दहा मिनिटं. वीस जणांना तीन तासांहून अधिक झाले. तेवढे हात आणि तेवढी दुपार नसेल, तर पहिल्या वर्षी लेखी प्रश्नावरच थांबा.