युपिथेशियाचे पतंग: शिरा, जननेंद्रियं की डीएनए?

जिओमेट्रिडी या पतंगांच्या कुळात सुमारे 23,000 जाती आहेत. त्यातल्या एका युपिथेशिया प्रजातीतच (प्रजाती म्हणजे जवळच्या जातींचा गट) 1,400 हून जास्त. राखाडी-तपकिरी, नखाएवढे पतंग. चार दिवस उडले की खवले झडतात आणि नक्षी पुसली जाते. अशा गटाचं वर्गीकरण हाती घेणाऱ्याने भर कशावर द्यायचा?

पंखांच्या शिरा पाहणं सगळ्यात सोपं. पंखाच्या खालच्या बाजूला अल्कोहोलचा थेंब सोडला की घटकाभर खवले पारदर्शक होतात आणि शिरा उमटतात. मागच्या पंखातली एम-2 नावाची मधली शीर नाहीशी झालेली किंवा नुसती घडी उरलेली असेल, तर पतंग बहुधा एनोमिनी उपकुळातला. पहिल्या दोन शिरा लांबवर जोडून गेल्या असतील, तर लॅरेन्टिनीतला, आणि युपिथेशिया इथेच येते. पण शिरा त्यापुढे जातीपर्यंत नेत नाहीत. शिवाय 'एम-2 शाबूत' एवढ्याच खुणेवर भरवसा ठेवल्यामुळे इनोक्रोमिनी उपकुळात वर्षानुवर्षं भलतेसलते पतंग कोंबले गेले. एखादी शीर जुन्या पूर्वजांपासून तशीच टिकून असणं हा जवळच्या नात्याचा पुरावा होत नाही.

जननेंद्रियांसाठी मेहनत लागते. पोट अलगद तोडायचं, 10 टक्के पोटॅशियम हायड्रॉक्साइडच्या द्रावणात रात्रभर ठेवायचं, मग बारीक ब्रशने मऊ झालेली चरबी आणि खवले काढायचे. उरतं ते कायटिनचं कवच: नराच्या दोन झडपा, शिश्नातले काटे, आणि या प्रजातीत फार कामाची असलेली पोटाच्या आठव्या खंडाची खालची पट्टी. तिचा आकार जातीगणिक बदलतो. पुष्कळदा तर पोटाच्या टोकाखालचे खवले झाडले तरी ती दिसते, चिरफाड करावी लागत नाही. मादीत मीलनाच्या पिशवीच्या आतल्या काट्यांची मांडणी पाहायची.

डीएनएला एक पाय पुरतो. बारकोडची, म्हणजे जात ओळखायला वापरल्या जाणाऱ्या डीएनएच्या ठरावीक तुकड्याची, 658 अक्षरं हाती आली की नर-मादी जुळवणं, झिजलेला नमुना ओळखणं झटपट होतं. कुळातली मोठी नाती तर आता जनुकांवरूनच ठरतात; 2019 मध्ये एपिडेस्मिनी हे नवं उपकुळ त्यातूनच पुढे आलं. मात्र नुकत्याच फुटलेल्या दोन जातींचा बारकोड एकसारखाही निघू शकतो. आणि जुनी नावं संग्रहालयांतल्या मूळ नमुन्यांना बांधलेली आहेत. त्यांच्याशी ताडून पाहायला जननेंद्रियांच्या काचपट्ट्याच सर्वात भरवशाच्या.

म्हणून माझा कौल स्पष्ट आहे. रात्री दिव्यासमोरच्या पडद्यावर आलेल्या पतंगांची पहिली विभागणी शिरांवरून करा. उपकुळांची नाती शोधायची असतील तर डीएनएकडे जा. जाती ठरवायच्या असतील, तर वेळ घालवा तो चिरफाड शिकण्यात. फक्त पोटाला हात लावण्याआधी एक पाय काढून अल्कोहोलमध्ये ठेवा, आणि पतंग, पाय, काचपट्टी या तिघांवर एकच क्रमांक घाला.