डी अँड डी इसेन्शियल्स किट: नवरा काही गेमर झाला नाही, तरी चार स्टार

आधीच सांगते, डी अँड डी (डंजन्स अँड ड्रॅगन्स, फासे टाकत सगळ्यांनी मिळून गोष्ट रचायचा गेम) चा हा बॉक्स मी नवऱ्याला गेमचं वेड लावायला घेतला होता आणि ते काही जमलेलं नाही.

झालं असं की मी चार वर्षं एका ग्रुपची डीएम (डंजन मास्टर, म्हणजे गोष्ट चालवणारी आणि राक्षस, गावकरी सगळ्यांची सोंगं काढणारी) आहे, दर शनिवारी चार-पाच तास, आणि त्यावरून घरात कायम कुरबुर. मग मी एक शनिवार सोडून खेळायला लागले तरी कुरबुर तशीच! शेवटी तो म्हणाला, "अगं शनिवारचं काही नाही, मी निवांत मॅच बघतो. पण बुधवारी मी ऑफिसचं काहीतरी सांगत असतो आणि तू नुसती हो हो करतेस, डोक्यात तुझे गॉब्लिन." खरं होतं. सेशन पाच तासांचं, पण त्याची तयारी, नकाशे, कोण येणार कोण नाही याचे ग्रुपवरचे शंभर मेसेज, हे आठवडाभर चालू असतं आणि आपल्याला ते दिसतच नाही, कारण आपण घरीच बसलेलो असतो ना.

तर बॉक्स. २०१९ चा आहे, म्हणजे २०२४ च्या नव्या नियमांआधीचा. आत ६४ पानांचं नियमांचं पुस्तक, एक तयार अ‍ॅडव्हेंचर (म्हणजे खेळायची गोष्ट), ११ फासे, डीएम स्क्रीन (डीएमचे कागद लपवणारा पुठ्ठ्याचा आडोसा), नकाशा आणि पत्ते (पत्ते आपणच फाडून सुटे करायचे, मला त्यातच मजा आली). मुख्य म्हणजे एक डीएम आणि एकच प्लेअर असं खेळता येतं. प्लेअरच्या जोडीला साइडकिक म्हणजे मदतनीस मिळतो, वॉरिअर, एक्स्पर्ट किंवा स्पेलकास्टर (जादू करणारा), आणि त्याचे नियम सोपे आहेत त्यामुळे नवख्याची दोघांना सांभाळताना तारांबळ उडत नाही. गोष्टीतल्या फँडालिन गावात कामांचा फळा असतो, त्यावरचं एक काम उचला, जा, करून या. ड्रॅगन आज कुठे आहे हे पण वीस बाजूंचा फासा टाकून ठरतं. म्हणजे माझी तयारी किती, तर अर्धा तास वाचन, संपलं.

आता ते मँटिकोर प्रकरण सांगतेच (ज्यांना स्वतः खेळायचंय त्यांनी हा पॅरा सोडा). टेकडीवरच्या पवनचक्कीपाशी हा राक्षस, आणि पहिल्या लेव्हलला एकट्याने त्याला भिडणं म्हणजे खलासच. मी मनातून नवरा आणि साइडकिक दोघांनाही निरोप देऊन टाकला होता. तर नवरा तलवार न काढता विचारतो, "एवढा का चिडलाय हा?" आणि पुस्तकात खरंच आहे की ड्रॅगनने त्याला घरातून हाकललंय, तो उपाशी आहे, खायला दिलं की जातो. नवरा म्हणतो, "भूक लागली की तू पण अशीच करतेस." माझ्या ग्रुपने चार वर्षांत एकाही राक्षसाची साधी विचारपूस केलेली नाही हो.

चार संध्याकाळी खेळलो आणि मग तो म्हणाला मजा आली, पण बास. मला जरा लागलं. त्या चार संध्याकाळी मी "आपला वेळ" म्हणून धरल्या होत्या, त्याने नाही, आणि बरोबरच आहे, मी पूर्णवेळ स्क्रीनमागे पुस्तकात डोकं घालून, मधूनच म्हातारीचा आवाज काढत. तो वेळ गेमचाच होता. पण फळ्याची आयडिया मी शनिवारच्या ग्रुपला लावली, तयारी आता फक्त शुक्रवारी, ग्रुप म्यूट. बुधवारी ऑफिसचं ऐकते, मधले प्रश्न पण विचारते.

एक स्टार कापला कारण दोघांतच खेळताना काही मारामाऱ्या फार जड जातात, डीएमला जरा सांभाळून घ्यावं लागतं, आणि डीएम पण नवीन असेल तर ते कळायला वेळ लागतो. आणि हेच अ‍ॅडव्हेंचर पुढे ग्रुपला खेळवायचा विचार असेल तर जोडीदाराला आधी खेळवू नका, माझा नवरा आता येता-जाता सगळ्यांना मँटिकोरचं सांगत सुटलाय.