ॲल्युमिनियमचा ई-सिक्स-बी: बॉम्बरच्या नेव्हिगेशनसाठी घ्यावा का?

इंदूरमध्ये सिम्युलेटरवर बी-१७ किंवा बी-२४ या दुसऱ्या महायुद्धातल्या अमेरिकी बॉम्बर विमानांची फॉर्मेशन (एकत्र उडणारा ताफा) उडवणाऱ्यांनी ई-सिक्स-बी ही वेग, वारा आणि दिशा यांचं गणित हाताने करायची गोल तबकडी जरूर घ्यावी, आणि ॲल्युमिनियमचीच. स्वस्त प्लास्टिकची सरकपट्टी मे महिन्याच्या उकाड्यात वाकते आणि खाचेत अडकते. फिलिप डाल्टनने रचलेलं हे साधन दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी नेव्हिगेटर वापरत. आजचंही त्याच पद्धतीने चालतं.

आकड्यांची दोन वर्तुळं असलेल्या बाजूने सुरुवात करा. खिडकीत २५,००० फूट उंचीसमोर उणे ३५ अंश सेल्सिअस लावा. आतल्या वर्तुळावरच्या १५० समोर बाहेर साधारण २२४ दिसेल. म्हणजे विमानातला वेगमापक ताशी १५० मैल दाखवतो तेव्हा विमान हवेतून २२४ने जात असतं. इथे चुकलं की पुढचं सगळंच चुकतं.

आता वाऱ्याची बाजू. वारा ३३० अंशांवरून ताशी ६० मैल: फिरत्या चकतीवरचा ३३० हा आकडा वरच्या टोकाच्या खुणेखाली आणा, मधल्या छिद्रापासून वर ६० मोजून ठिपका द्या. मग मार्ग ०९० खुणेखाली आणा आणि ठिपका सरकपट्टीवरच्या २२४ वेगाच्या कमानीवर येईपर्यंत पट्टी सरकवा. डावीकडे सुमारे १३ अंश सुधारणा, म्हणून हेडिंग, म्हणजे विमानाचं नाक ठेवायची दिशा, ०७७. छिद्राखाली ग्राउंडस्पीड, म्हणजे जमिनीच्या हिशेबाने वेग, २४८. ठिपका टोकदार पेन्सिलीनेच द्या. जाड पेनाने दोन अंश सहज झाकले जातात, आणि इंदूर ते वडोदरा या १४५ नॉटिकल मैलांत दोन अंश म्हणजे शेवटी पाच नॉटिकल मैलांची चूक.

तबकडी कितीही अचूक असली तरी वारा मात्र बाहेरून मिळतो, आणि फॉर्मेशनची खरी अडचण तिथेच आहे. वाऱ्याची दिशा आणि वेग काढायला स्थिर हेडिंग आणि स्थिर वेग लागतो. पुढच्या विमानाला तो जमतो. बाजूच्या विमानाचा पायलट जागा धरण्यासाठी थ्रॉटल सतत मागेपुढे करतो, वळणात बाहेरच्याला वेग वाढवावा लागतो, आतल्याला कमी करावा लागतो. त्यामुळे तिथल्या नेव्हिगेटरने एका क्षणाचा आकडा घेऊ नये. काही मिनिटांची सरासरी नोंदवावी. आणि नोंद सोडू नये, कारण इंजिन गेलं, विमान मागे पडलं, की घरचा रस्ता त्यालाच काढायचा असतो. सिम्युलेटरवर बहुतेकजण नेमकं हेच टाळतात, पुढच्याच्या शेपटीकडे बघत राहतात.

अंदाजातला वारा खऱ्यापेक्षा ताशी ३० मैलांनी कमी निघाला, तर तासाभरात विमान ३० मैल भरकटतं, आणि पुढच्याबरोबर अख्खी फॉर्मेशन जाते. १ एप्रिल १९४४ला लुडविग्सहाफेनसाठी निघालेल्या बी-२४पैकी काहींनी जोरदार वारा, ढग आणि बिघडलेलं रडार यांमुळे तटस्थ स्वित्झर्लंडमधल्या शाफहाउझेनवर बॉम्ब टाकले. चाळीस माणसं मेली. ढगांखालची जमीन दिसत नसली की ही तबकडी चूक पकडू शकत नाही, हे पक्कं लक्षात ठेवा.

चुंबकीय फरकासाठी, म्हणजे होकायंत्राची उत्तर आणि खरी उत्तर यांतल्या कोनासाठी, मात्र वेगळा सराव करा. इंदूरला तो एका अंशाहून कमी, त्यामुळे इथल्या सवयीने विसरायला होतं. तेव्हाच्या इंग्लंडात तो पश्चिमेला दहा अंशांच्या आसपास होता.

घेताना आतलं १० बाहेरच्या १०शी जुळवा. २०, ३०, ६०, ९० सगळे तंतोतंत जुळले पाहिजेत. कुठेही सरकलेले दिसले, तर तो नग परत करा.