रत्नागिरी तालुक्यातलं एक शुश्रूषा केंद्र : आईच्या सात महिन्यांचा अनुभव

अर्धांगवायूनंतर आई फेब्रुवारीपासून सात महिने इथे होती. केंद्राचं नाव लिहीत नाही. माझी तक्रार व्यवस्थापनाबद्दल आहे, तिथे राबणाऱ्या बायकांच्या पोटावर पाय यायला नको. महिन्याला २८ हजार. खोल्या स्वच्छ, आवारात कलमं, सकाळी आईला मऊ पेज. याबद्दल काही म्हणणं नाही.

आषाढात एका रात्री मी तिथेच राहिले होते. साडेबाराच्या सुमारास वीज गेली. दिवे-पंखे इन्व्हर्टरवर चालू राहिले, पण हवेच्या गादीचा पंप त्यावर जोडलेलाच नव्हता. गादी हळूहळू बसू लागली. रात्रपाळीच्या सिस्टर टॉर्च घेऊन आल्या. आईला कुशीवर वळवून त्यांनी माकडहाडावरची लाल जागा बोटाने दाबली, बोट उचललं आणि मला जवळ बोलावलं. ‘ताई, दाबल्यावर लाली क्षणभर जायला हवी. ही जात नाहीये. बेडसोअरची, म्हणजे पडून राहिल्याने होणाऱ्या जखमेची सुरुवात आहे.’ पाठीला उशी लावली, टाचा गादीला टेकू नयेत म्हणून पोटऱ्यांखाली टॉवेलची गुंडाळी सरकवली. मग उजाडेपर्यंत दर दोन तासांनी येऊन कूस बदलली आणि दर वेळी रजिस्टरला वेळ लिहिली. पहाटे आईने त्यांचा हात धरला आणि अडखळत म्हणाली, ‘बाय माझे.’

सकाळी त्यांनी मॅनेजरना सांगितलं, डॉक्टरांना आजच बोलवा. मॅनेजर माझ्यासमोर म्हणाले, ‘ही पोरगी उगाच घाबरवते.’ रजिस्टर उघडूनही पाहिलं नाही. डॉक्टर तीन दिवसांनी आले, तोवर कातडी सोलली होती. ती जखम भरायला पाच आठवडे लागले.

ही ‘पोरगी’ जीएनएम (जनरल नर्सिंग अँड मिडवाइफरी) झालेली नर्स आहे. बारावीनंतर तीन वर्षांचा अभ्यास, वर महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलची नोंदणी. हे मला कळायला पाच महिने लागले, कारण तिथे सगळ्यांना एकच गुलाबी ॲप्रन, छातीवर नावाची पट्टी नाही, नातेवाइकांच्या तोंडी सगळ्या ‘सिस्टर’ आणि मॅनेजरच्या तोंडी सगळ्या ‘पोरी’. ब्युरोतून आलेल्या, नर्सिंग न शिकलेल्या मावश्याही त्यातच. मावश्यांनी आईचं सगळं मायेने केलं, त्यांचे उपकार विसरणार नाही. पण कॅथेटर (लघवीची नळी) कोण बदलणार, इन्सुलिन कोण देणार, हे घरच्या माणसाला कळायला नको? बिलात मात्र ‘नर्सिंग चार्जेस’ अशी वेगळी ओळ असते.

आमच्या जिल्हा रुग्णालयात अधिपरिचारिका (स्टाफ नर्स), तिच्या वर परिसेविका (वॉर्डची प्रमुख), त्यांच्या वर अधिसेविका (मेट्रन) अशी पदं आहेत. केंद्र सरकारच्या रुग्णालयांत तर स्टाफ नर्सला आता नर्सिंग ऑफिसर म्हणतात. काही जण म्हणतील, नावाने काय होतं? मी ते डोळ्यांनी पाहिलं आहे. ज्या बाईला पद असतं तिने लिहिलेली ओळ कुणीतरी वाचतं. अशा केंद्रात म्हातारी माणसं वर्षानुवर्षं पडून असतात, डॉक्टर आठवड्यातून एकदा येतात. मधले सहा दिवस नर्सचीच नजर असते, आणि तिलाच तिथे नाव नाही. १२ मे रोजी परिचारिका दिनाचा केक मात्र कापला होता.

माझ्याकडून नर्स आणि मावश्यांना पाचपैकी पाच, केंद्राला दोन. आपलं माणूस कुठेही ठेवणार असाल तर रात्रपाळीला नोंदणीकृत नर्स कोण आहे, ते आधी विचारा. आणि गादीचा पंप इन्व्हर्टरवर आहे का, तेही बघा.

आईला घरी आणताना त्या सिस्टरना विचारून मी त्यांचं पूर्ण नाव, शिक्षण आणि नोंदणी क्रमांक लिहून घेतला. त्या रात्री त्यांनी काय काय केलं ते सगळं विश्वस्तांना पत्राने कळवलं आणि प्रत्येकीच्या ॲप्रनवर नाव आणि पद लावा, अशी विनंती केली. दोन महिने झाले, उत्तर आलेलं नाही. या आठवड्यात पुन्हा लिहिते आहे.