ऑक्टोबरात अंदमान, बुकिंग कर्वे रोडवरून

आई-बाबांना घेऊन अंदमानला जायचं होतं, पण दिवाळीतले रेट बघून पोटात गोळा आला, म्हणून ऑक्टोबरचा पहिला आठवडा धरला. कर्वे रोडवरच्या एका छोट्या ट्रॅव्हलवाल्यांकडे बुकिंग केलं. काकांनी पैशाचं बोलायच्या आधीच स्पष्ट सांगितलं की या दिवसांत पाऊस येऊ शकतो, समुद्र खवळला की फेरी रद्द होते, त्यामुळे हॅवलॉक आणि नील ही बेटं आधी करून घ्या आणि शेवटची रात्र पोर्ट ब्लेअरलाच ठेवा, नाहीतर परतीचं विमान चुकेल. कागदावर पेनाने तिन्ही बेटं काढून दाखवली, तो कागद आईने पर्समध्ये जपून ठेवलाय!

आणि खरंच नीलहून निघायच्या दिवशी सकाळची फेरी रद्द झाली. एका फोनवर त्यांनी दुपारच्या सरकारी बोटीत जागा मिळवून दिली, एक रुपया जास्त घेतला नाही.

राधानगर बीचला साडेचारच्या आत पोचा हेही त्यांनीच सांगितलं होतं, तिकडे सव्वापाचला सूर्य बुडतो, पुण्याच्या हिशोबाने गेलात तर अंधारच बघाल. सेल्युलर जेलमध्ये सावरकरांच्या कोठडीसमोर बाबा किती वेळ नुसते उभे होते.

तक्रार एकच, नीलच्या हॉटेलात गरम पाणी नव्हतं आणि ते आधी सांगायला हवं होतं, म्हातारी माणसं बरोबर असताना त्रास होतो. बाकी पुढच्या वर्षी लक्षद्वीपचं परमिट-बिरमिट सगळं त्यांच्याकडूनच करणार.